जेलीफिशचे शरीर: दोन पातळ थर आणि मधला गर

मून जेलीफिशचे शरीर इतके पारदर्शक असते की त्याची आतली रचना चिरफाड न करताही दिसते. वरचा पसरट भाग म्हणजे छत्री. तिचा व्यास 25 सेंटिमीटरच्याही पुढे जातो. काठावर बारीक शुंडकांची झालर असते. खालच्या बाजूला मधोमध तोंड आणि त्याभोवती लोंबणारे चार मुखबाहू.

हे सगळे पेशींच्या अवघ्या दोन थरांचे बनलेले आहे. बाहेरचा थर त्वचेचे काम करतो, तर आतला जठराचे अस्तर असतो. दोहोंमध्ये मध्यश्लेष नावाचा जाड गर असतो. शरीराचे बहुतेक वजन या गराचेच, आणि त्यात 95 टक्क्यांहून अधिक पाणी. म्हणून त्याला नुसती भर समजणे मात्र चूक ठरेल. हाडे नसलेल्या शरीराला आकार तोच देतो आणि पोहण्याचे निम्मे कामही तोच करतो. छत्रीच्या खालच्या बाजूचे स्नायू आकसले की पाणी मागे फेकले जाते आणि प्राणी पुढे सरकतो. छत्री पुन्हा उघडणारे स्नायू जेलीफिशला नाहीतच. दबलेला गर आपल्या लवचिकपणाने मूळ आकार घेतो आणि छत्री उघडते.

जठरात पचलेले अन्न बारीक नलिकांतून काठापर्यंत पोचते, त्यामुळे रक्ताची वा हृदयाची गरज पडत नाही. ऑक्सिजन त्वचेतून थेट आत झिरपतो. न पचलेले अवशेष तोंडावाटेच बाहेर पडतात. छत्रीतून दिसणाऱ्या नालाच्या आकाराच्या चार आकृती म्हणजे जननग्रंथी.

मेंदू नसला तरी चेतापेशींचे जाळे शरीरभर पसरलेले असते. काठावरच्या आठ संवेदी अवयवांत प्रकाश ओळखणारे ठिपके, तोल सांभाळणारे स्फटिक आणि आकुंचनाची लय ठरवणाऱ्या पेशी असतात. 1870 च्या दशकात जीवशास्त्रज्ञ जॉर्ज रोमानीस यांनी हे अवयव कापून पाहिले. आठही काढले की छत्री थांबे. एक जरी राहिला तरी ती हालत राही. बॉक्स जेलीफिशची मजल याहून पुढची. त्याला 24 डोळे असतात आणि त्यांतल्या काहींना चक्क भिंग व दृष्टिपटल असते.

शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी आणि तिच्यात गुंडाळलेला पोकळ दोरा. स्पर्श होताच कुपीतल्या प्रचंड दाबाने हा दोरा, हातमोज्याचे बोट उलटावे तसा, बाहेर उसळतो आणि विष भक्ष्यात शिरते. जेलीफिशच्याच संघातल्या हायड्रामध्ये या दोऱ्याचे काटे बाहेर पडायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. दंशपेशी स्पर्शानेच उडत असल्यामुळे किनाऱ्यावर मरून पडलेला जेलीफिशही डंख करू शकतो. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर येणारा ब्लू बॉटल हा खरा जेलीफिश नव्हे, ती अनेक जीवांची एकत्र वसाहत आहे. तिच्या लांब निळ्या शुंडकांवर मात्र याच जातीच्या दंशपेशी असतात.