ढील आणि ओढ
(‘गळ आणि पाणी’ : भाग १७)

गाठींचे विवेचन या भागात यायचे होते. ते एक आठवडा पुढे ढकलावे लागत आहे, कारण उजनीच्या पाणफुगवट्यावर ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, टाकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न गाठींच्या आधी हाताळणेच सोयीचे आहे. बुडालेल्या बाभळीत ल्यूर अडकल्यावर जोर किती लावावा, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की दिशेचा विचार आधी करावा आणि जोराचा सर्वांत शेवटी. या एका वाक्याचा विस्तार हाच आजच्या भागाचा विषय होय.

ल्यूर अडकतो तो ओढला जात असताना. काठीच्या दिशेने येणाऱ्या ल्यूरच्या पोटाखाली आणि शेपटीशी तिकाटी गळ, म्हणजे एकाच दांडीला जोडलेले तीन आकडे, लोंबत असतात. फांदी ओलांडताना त्यांतील एखादे टोक लाकडात रुतते आणि टोकामागचा उलटा दात त्याला सहजासहजी मागे फिरू देत नाही. खोल जाणाऱ्या ल्यूरच्या तोंडाशी प्लास्टिकची जीभ असते. पाण्याचा दाब घेऊन ती ल्यूरला खाली नेते, पण खडकाळ तळाशी तीच एखाद्या भेगेत पाचरीसारखी बसते. ज्या ओढीने ल्यूर अडकला तीच ओढ वाढवली, तर आकडा आणखी रुततो आणि पाचर आणखी घट्ट होते. सुटकेची वाट बहुतेक वेळा आल्या वाटेनेच मागे जाते. अडचण एवढीच की तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ल्यूर सोडवण्याच्या बहुतेक युक्त्या या ओढणाऱ्या दोऱ्याकडून ढकलण्याचे काम करून घेण्याच्या युक्त्या आहेत.

पहिली युक्ती म्हणजे काहीही न करणे. अडकल्याची जाणीव होताच हात थांबवून दोरा सैल सोडला, तर तरंगणाऱ्या जातीचा ल्यूर स्वतःच्या हलकेपणाने मागे सरकतो आणि वर येतो. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी पाइयान्ने सरोवरावर १९३६ साली जो ल्यूर घडवला, त्याचे अंग बुचाच्या लाकडाचे होते, वर चमकदार वर्खाचे वेष्टन होते आणि त्यावर छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप होता. अशा हलक्या अंगाच्या ल्यूरचा मोठा गुण हा की ओढ थांबली की तो वर उठतो. आकडा रुतण्यापूर्वी, केवळ फांदीवर टेकलेला असताना, ही ढील मिळाली तर पुढच्या कोणत्याही युक्तीची गरज पडत नाही. घाईने मारलेला पहिला झटकाच बहुतेक ल्यूर घालवतो.

दुसरी युक्ती धनुष्याच्या दोरीसारखी आहे. काठी अडथळ्याच्या दिशेने रोखून दोरा ताठ करावा, रीळ आणि काठीवरची पहिली कडी यांमधला दोरा दोन बोटांनी बाजूला ताणावा आणि एकदम सोडावा. सोडल्याच्या क्षणी दोऱ्यातील ताण अचानक उतरतो, ताणाने पुढे खेचलेला ल्यूर स्वतःच्या वजनाने किंचित मागे पडतो आणि नुसता टेकलेला आकडा निसटतो. ही क्रिया दहा-बारा वेळा शांतपणे करावी लागते. प्रत्येक वेळी ताण थोडाच ठेवायचा असतो, कारण येथे काम ताणाचे नसून ताण सुटण्याचे आहे.

तिसरी युक्ती जागा बदलण्याची. साचलेल्या पाण्यात, म्हणजे धरणाच्या फुगवट्यात किंवा तलावात, काठाकाठाने चालत अडथळ्याच्या पलीकडच्या बाजूला जाता आले, तर ओढीची दिशाच उलटते आणि पुष्कळदा ल्यूर पहिल्या ओढीतच मोकळा होतो. उजनीसारख्या जलाशयात पाणी चढते तेव्हा गाळपेराच्या कडेची बाभूळ आणि बेशरम बुडते, म्हणून पाणी उतरलेले असताना काठ पाहून ठेवणे हा अडथळ्यांचा सर्वांत विश्वासार्ह नकाशा होय. उतरत्या पाण्यात पळसदेवचे जुने मंदिर जसे उघडे पडते, तशीच पावसाळ्यात दोरा अडकवणारी खोडेही उन्हाळ्यात उघड्यावर येतात.

वाहत्या नदीत मात्र पलीकडे चालत जाणे क्वचितच शक्य असते, आणि नेमके तेथेच नदीला कामाला लावता येते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहून दोरा बराच सैल सोडला, तर त्याचा फुगवटा ल्यूरला ओलांडून खाली वाहत जातो. त्यानंतर काठीला जोरदार हिसका दिला की ल्यूरवर येणारी पहिली ओढ काठीकडून न येता त्या फुगवट्याकडून, म्हणजे खालच्या अंगाने, येते. स्पे, टे, वाय यांसारख्या ब्रिटनमधील सामन माशाच्या नद्यांवर हेच तत्त्व एका साध्या लाकडी साधनात उतरले, आणि त्या साधनासाठी थोडे थांबणे योग्य ठरेल.

या साधनाला तेथे ‘ऑटर’, म्हणजे पाणमांजर, म्हणतात. ती एक वीतभर किंवा थोडी लांब फळी असते. तिच्या एका कडेला शिशाची पट्टी ठोकलेली असते, त्यामुळे ती पाण्यात आडवी न पडता उभ्या कडेवर तरंगते. पतंगाला जशी कण्णी बांधतात तसे या फळीला दोन ठिकाणी दोरे बांधून ते एका कडीत आणलेले असतात, आणि ती कडी उघडून अडकलेल्या दोऱ्यावर चढवता येते. काठी उंच धरून दोरा ताठ ठेवला की कडी दोऱ्यावरून घसरत जाते. मग दोऱ्याला ढील दिली की प्रवाह फळीला ल्यूरच्या पलीकडे नेतो आणि तेथून तिला सतत खाली रेटत राहतो. काठावरच्या माणसाला जी ओढ लावणे अशक्य होते, ती आता नदी लावते. त्याने फक्त आळीपाळीने ढील द्यायची आणि दोरा हलकेच ताठ करायचा. पतंग उडवणाऱ्या कोणालाही ही लय नव्याने शिकावी लागत नाही, कारण वाऱ्याच्या जागी पाणी आहे एवढाच फरक. फळी नसेल तर बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली, हातभर दोरी आणि एक कडी यांवरही काम भागते.

या नावाने गोंधळ होतो तो येथेच दूर करावा. दोऱ्यावर अनेक गळ बांधून ते फळीच्या साहाय्याने तलावात दूरवर नेण्याची एक जुनी पद्धतही याच नावाने ओळखली जाते; इंग्लंड आणि वेल्सच्या १९७५च्या मत्स्यकायद्यात ते निषिद्ध साधन ठरवलेले आहे. अडकलेला ल्यूर सोडवणारी फळी मासे पकडत नाही, म्हणून तिचा या पद्धतीशी फक्त नावापुरता संबंध आहे. पाण्याच्या दाबाने फळी बाजूला सरकते हे तत्त्व मात्र समान आहे, आणि १८९०च्या दशकात त्याच तत्त्वावर ट्रॉल जाळ्याचे तोंड दोन बाजूंना उघडे ठेवणाऱ्या फळ्या आल्या. ससून डॉकवर लागणाऱ्या ट्रॉलरच्या मागच्या अंगाला ज्या जड फळ्या टांगलेल्या दिसतात, त्या याच कुळातल्या.

होडीतून गळ टाकणाऱ्यांसाठी याहून सोपा उपाय आहे. होडी अडथळ्याच्या थेट वर आणून दोरा उभा ताठ करावा आणि त्यावरून कडी असलेले एक वजन खाली सोडावे. ते ल्यूरच्या नाकावर आदळते आणि त्याला आल्या वाटेने मागे ठोकते. दोऱ्याला न जमणारे ढकलणे येथे प्रत्यक्ष घडते. काही वजनांना साखळ्यांचे तुकडे जोडलेले असतात. त्यांत तिकाटी गळ गुंतला की वजनाच्या स्वतंत्र जाड दोरीने ओढून फांदी मोडता येते किंवा आकडा सरळ करता येतो. काठावरून, तिरक्या दोऱ्यावर, हे साधन फारसे चालत नाही, कारण वजन वाटेतच तळाला टेकते.

हे सगळे उपाय थकले तर दोरा तोडावा लागतो, आणि जोराचा प्रश्न आता कोठे येतो. येथे काठी वाकवू नये. ती अडथळ्याकडे सरळ रोखावी किंवा बाजूला ठेवावी, दोरा एखाद्या लाकडाला चार वेढे देऊन धरावा, तोंड दुसरीकडे वळवावे आणि मागे चालत जावे. तंगूस बराच ताणतो आणि तुटण्याआधी रबरासारखी शक्ती साठवतो. ल्यूर अचानक सुटला तर तो आणि शिशाची बुडी डोळ्यांच्या दिशेने येतात. विणलेला दोरा ताणत नाही, पण बारीक असल्यामुळे हाताला गुंडाळला तर मांसात शिरतो. ल्यूरसाठी अनोळखी पाण्यात उतरणे तर सर्वथा वर्ज्य मानावे, कारण जी फांदी ल्यूर धरून ठेवते तीच पोहणाऱ्याचा पाय धरू शकते.

तुटलेला दोरा मागे किती राहतो, हाही मासेमाराच्या जबाबदारीचा भाग आहे. पाण्यात राहिलेला नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात पाणपक्ष्यांचे पाय गुंततात. शिशाच्या बुड्या खड्यांबरोबर गिळून हंस मरत असल्याचे दिसून आल्यावर ब्रिटनने १९८७मध्ये ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या बुड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. खडपावर गळ टाकणारे अनेक जण म्हणूनच बुडी मुख्य दोऱ्याहून कमजोर दोऱ्याने बांधतात, म्हणजे अडकली तर एकटी बुडी जाते आणि बाकीचे सर्व परत येते. तोच विचार ल्यूरलाही लागू आहे: दोरा तुटायचाच असेल तर तो ल्यूरच्या तोंडाशी तुटावा, रिळाजवळ नव्हे. तो कोठे तुटेल हे नशिबावर अवलंबून नसते. ते बांधतानाच ठरते, कारण दोऱ्याची सर्वांत कमजोर जागा बहुधा गाठीत असते. लांबणीवर पडलेले गाठींचे विवेचन पुढच्या भागात याच ठिकाणापासून सुरू होईल.