मिरजेचे शल्यविशारद डॉ. वानलेस

शल्यतंत्राचा विषय निघाला की आपण सुश्रुताचार्यांना वंदन करतो आणि बहुधा तेथेच थांबतो. लहान गावात शल्यकर्म कसे रुजते, हे जाणण्यासाठी मात्र मिरजेकडे पाहावे लागते.

१८६५ साली कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस न्यूयॉर्कला वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेस त्यांचे रुग्णालय सुरू झाले. मिरज ही संस्थानी राजधानी असली तरी गाव लहानच. परंतु रेल्वेमुळे दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचू लागले. मोतीबिंदूपासून उदरातील शस्त्रकर्मांपर्यंत त्यांचा लौकिक पसरला.

मला त्यांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत दिसते. शस्त्र एकाच हाती राहिले तर विद्या त्या हाताबरोबर संपते, हे जाणून त्यांनी १८९७ मध्येच वैद्यकीय शाळा काढली. शिष्याकडून कोहळा, भोपळा यांवर ‘योग्या’ करवून घेणाऱ्या सुश्रुताचार्यांचा विचार याहून निराळा नव्हता. पुढे कुष्ठरुग्ण व क्षयरुग्णांसाठीही तेथे सोय झाली. १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेले वानलेस १९३३ मध्ये निवर्तले. वानलेसवाडी हे नाव मागे राहिले.

हे चरित्र वाचताना मला तलासरीजवळच्या पाड्यावरील एक वृद्ध शेतकरी आठवतो. आंत्रवृद्धीची गाठ कठीण झालेली, उलट्या सुरू. व्यवसायाची माझी पहिलीच वर्षे. स्नेहन-स्वेदनाने गाठ आत जाईल, या आशेने मी अर्धा दिवस घालवला. नंतर शस्त्रकर्म झाले, पण आतड्याचा काही भाग कापावा लागला. म्हातारबाबा वाचले, माझा अर्धा दिवस मात्र मी विसरलेलो नाही.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ३९ आणि १९ शस्त्रकर्मे नमूद केली. त्यावर वाद पुष्कळ झाला. अधिकार कागदावर मिळतो; हात मात्र गुरूच्या देखरेखीखाली, वारंवार कर्म करूनच तयार होतो. आणि माझ्यासारख्या, शस्त्र न धरणाऱ्या वैद्याचे कर्तव्यही लहान नाही. शस्त्रसाध्य व्याधी वेळीच ओळखणे, घाबरलेल्या नातेवाइकांना धीर देणे आणि डहाणूची वाट धरायला लावणे, हेदेखील शल्यतंत्राचे पूर्वकर्मच होय.