राहण्याजोगे शहर कोणते?

निवृत्तीनंतर कोठे स्थायिक व्हावे, असे परिचित मंडळी मला हमखास विचारतात. सरकारी क्रमवारी त्यांच्या हाताशी असतेच. मार्च २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या राहणीमान सुलभतेच्या निर्देशांकात दहा लाखांवरील शहरांत बेंगळुरू पहिले, पुणे दुसरे आले. लहान शहरांत सिमला अव्वल ठरले. त्याच सिमल्यात २०१८च्या मे महिन्यात नळ कित्येक दिवस कोरडे होते, उन्हाळी महोत्सवही पुढे ढकलावा लागला. १८६४ पासून ब्रिटिशांची उन्हाळी राजधानी असलेले हे गाव मुळात सुमारे २५ हजार वस्तीचे मानले गेले. शिवाय थंडी पडताच सारे सरकार खाली उतरत असे. २०११च्या जनगणनेत तेथे दीड लाखाहून अधिक लोक होते, तेही बारमाही. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून चढावर उपसून आणावे लागते. २०२४च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले.

निर्देशांक शहराची सरासरी सांगतो. घर मात्र एका विशिष्ट वॉर्डात घ्यायचे असते. मे महिन्यात तेथे पाणी किती दिवसांआड येते, हा आकडा दरवर्षी वॉर्डनिहाय प्रसिद्ध करणे पालिकांना बंधनकारक करावे. तोवर मी मंडळींना एवढेच सुचवतो, की जागा पाहायला जायचे ते मे महिन्यातच.