शिकारी ससा का झाला?

१९४२ साली अमेरिकेत निघालेल्या एका विनोदी व्यंगचित्रपटात एल्मर हा शिकारी बग्ज बनी नावाच्या सशाला संमोहनाने वश करायला जातो. डाव उलटतो आणि शिकारीच सशासारखा वागू लागतो!

बालमित्रांनो, संमोहनकाराच्या डोळ्यांत खरेच अशी शक्ती असते काय? जेम्स ब्रेड या शस्त्रवैद्यांनी १८४० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की नुसत्या चकाकत्या वस्तूकडे एकटक पाहूनही संमोहनावस्था येते. वस्तूत कसली आली शक्ती? मन एकाग्र झाले, की दिलेली सूचना ते सहज स्वीकारते, इतकेच.

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत ‘भानामती’ झालेली बाई कधी कधी कुत्र्यासारखी भुंकते. ती सोंग करीत नसते. मनावर असह्य ताण असतो. त्यात भानामतीने माणूस भुंकतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेले असते. तीच सूचना मन उचलते. एकीला पाहून दुसरीही भुंकू लागते.

अशा वेळी मांत्रिक मारझोड करतो, एखाद्या निरपराध शेजारणीवर करणीचा आळ येतो. हे थांबावे म्हणून महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला.

तेव्हा त्या शिकाऱ्याला खुशाल हसा. भुंकणाऱ्या बाईला मात्र हसू नका. तिला डॉक्टरांकडे न्यायला घरच्यांना सांगा.