उद्योगनगरीतील घर आणि शेजार

पुण्याच्या वायव्येस, मुंबई-पुणे महामार्गाच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या पिंपरी-चिंचवड नगरीत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झाली. कोणी श्रीरामपूर-राहुरीकडून आले, कोणी जालन्याकडून, कोणी थेट केरळ-तामिळनाडूतून. नोकरी मिळाली, मुलांची शिक्षणे झाली. परंतु 'आपले घर' हा प्रश्न बहुतेकांच्या आयुष्याला अखेरपर्यंत चिकटून राहतो. निवृत्तीची सारी पुंजी ज्या घरात घातली ते घर कायद्याने आपले आहे काय, आणि त्या घराला शेजार आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

खेड्यांचे शहर कसे झाले?

पवना, इंद्रायणी आणि मुळा या नद्यांच्या काठची ही मूळची शेतकरी गावे. फाळणीनंतर पिंपरी येथे सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधनिर्मितीचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर येथील शेतजमिनीवर औद्योगिक वसाहत विस्तारत गेली. टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे त्यांच्याभोवती उभी राहिली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत १० लाखांहून किंचित अधिक असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांच्या वर गेली.

कारखान्यात कामगार हवे होते म्हणून माणसे आली. परंतु माणसे ज्या वेगाने आली त्या वेगाने परवडणारी, मंजूर आराखड्यातील घरे उभी राहिली नाहीत. येथील गृहप्रश्नाचे मूळ या तफावतीत आहे.

घरांचे तीन प्रकार

पहिला प्रकार प्राधिकरणातील घरांचा. कामगार व मध्यमवर्गीय यांना नियोजित वसाहतीत घर मिळावे, या हेतूने १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डी परिसरातील रुंद रस्ते, उद्याने व क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठा ही त्याची देणगी होय. येथील भूखंड मालकीहक्काने नव्हे, तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र महापालिका व पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्याकडे गेले. म्हणून अशा ठिकाणी घर घेताना भाडेपट्ट्याची मूळ कागदपत्रे पाहणे आणि हस्तांतरासाठी कोणाची परवानगी लागते हे आधी विचारून घेणे आवश्यक आहे.

दुसरा प्रकार गुंठ्यातील घरांचा. ज्यांना प्राधिकरणाचा भूखंड मिळाला नाही वा परवडला नाही, त्यांनी शेतकऱ्याकडून अर्धा किंवा एक गुंठा जागा घेतली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. व्यवहार बहुधा मुद्रांक कागदावरील नोटरीने झाला, सातबाऱ्यावर नाव चढले नाही किंवा ते अनेकांच्या सामाईक नावांत हरवले. बांधकामाचा परवाना नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही; कर्ज नाही म्हणून भिशी, दागिने आणि भविष्य निर्वाह निधी यांवर घर उभे राहिले. ही जागा स्वस्त मिळाली, कारण तिच्या किमतीत सुरक्षिततेचे मोल धरलेलेच नव्हते. पुढे अशा घरांवर मिळकतकराबरोबर शास्तीकर बसला आणि ज्येष्ठ कामगार वर्षानुवर्षे त्या थकबाकीच्या ओझ्याखाली राहिले. २०२३ मध्ये शासनाने तो थकीत शास्तीकर माफ केला. मात्र कर माफ होणे म्हणजे बांधकाम अधिकृत होणे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कराची पावती हा मालकीचा पुरावा नाही.

स्वस्त जागेचे आणखी दोन धोके येथे आहेत. देहूरोड व दिघी येथील संरक्षण खात्याच्या आस्थापनांभोवती बांधकामास प्रतिबंध असलेला पट्टा आहे. लोक त्यास 'रेड झोन' म्हणतात. दुसरा धोका पूररेषेचा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा. तिच्या आत घर बांधता येत नाही. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार महापालिकेने पाडले. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नव्हता. आयुष्याची कमाई एका दिवसात मातीस मिळाली.

तिसरा प्रकार सोसायटीतील सदनिकांचा. हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्योग आल्यानंतर वाकड, पिंपळे सौदागर, रावेत या भागांत उंच इमारती उभ्या राहिल्या. मे २०१७ पासून राज्यात लागू झालेल्या रेरा कायद्याने ग्राहकाला काही आधार दिला आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याखेरीज विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही; ग्राहकांच्या पैशांतील ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते; सदनिकेची विक्री चटई क्षेत्रावर व्हावी लागते; आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो.

तथापि अनेक जुन्या सोसायट्यांत सदनिका सभासदांची, पण जमीन अद्याप विकसकाच्या वा मूळ मालकाच्या नावावर, अशी स्थिती आहे. इमारत मोडकळीस येऊन पुनर्विकासाची वेळ आली की ही उणीव भोवते. यावर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. विकसक सही करीत नसला, तरी सोसायटीस जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावावर करून घेता येते.

भाडेकरूंची व्यथा

कंत्राटी नोकरी करणाऱ्या तरुणाला आज घर विकत घेणे दुरापास्त झाले आहे. सहा महिन्यांनी काम राहील की नाही याची शाश्वती नसताना वीस वर्षांचे कर्ज तो कसे घेणार? तो भाड्याने राहतो आणि अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवतो. मुलांची शाळा बदलते, ओळखी तुटतात. अविवाहित आहे म्हणून, परप्रांतीय आहे म्हणून, कधी आडनाव ऐकून वा खाण्याच्या सवयी विचारून घर नाकारले जाते. हा अन्याय आपल्या माणसांच्या वाट्यास येतो तेव्हा आपण दुखावतो. पण घरमालक म्हणून आपणही तेच करीत नाही ना, हे तपासावे.

भाड्याच्या व्यवहारातही कायदा जाणून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडे वा परवाना करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क आकारता येत नाही.

चाळीतला शेजार, इमारतीतला एकांत

बैठ्या घरांच्या वस्तीत अडचणी होत्या, परंतु शेजार होता. नळावर ओळखी होत, पहिल्या पाळीला जाणाऱ्याची मुले शेजारीण सांभाळी, आजारपणात डबा येई. नाताळचा फराळ हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांकडे जाई आणि दिवाळीचा आपल्याकडे येई. तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्कामी आली की वारकऱ्यांच्या सेवेत सारी वस्ती गुंते. आता कित्येक इमारतींत समोरच्या दारावरील नावाची पाटीही आपण वाचलेली नसते. कारखान्यांच्या मोकळ्या झालेल्या जागांवर गृहसंकुले येत आहेत, मेट्रो धावू लागली आहे. शहर जवळ आले, शेजारी मात्र दूर गेला.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक धर्मग्रामात वकील, अभियंते, बँकेत काम केलेले निवृत्त सभासद असतात. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी दोन तास दिले, तर इसारा देण्यापूर्वी सातबारा, सूची क्रमांक दोन, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंद तपासून घेता येईल. या पाच गोष्टी पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये, असा आमचा आग्रह आहे. लघु ख्रिस्ती समूहांनी नव्याने राहावयास आलेल्या भाडेकरू कुटुंबास पहिल्या आठवड्यातच भेटावे. आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला आपण आवर्जून जावे. अभिहस्तांतरणाचा विषय तेथेच मांडला जातो आणि भाडेकरूंविषयीचे अन्याय्य ठरावही तेथेच रोखता येतात.

घराची कागदपत्रे पक्की असली म्हणजे म्हातारपणी झोप शांत लागते, आणि रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठावता येईल असा शेजारी असला म्हणजे त्या घराला घरपण येते. कागदपत्रे कचेरीतून मिळवता येतात. शेजार मात्र आपल्यालाच जोडावा लागेल.