पौंडाचे चिन्ह कोठे गेले?

१९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील अनेक घरांत लहान संगणक आले. कोणाकडे बीबीसी मायक्रो, कोणाकडे सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, तर कोणाकडे अमेरिकेतून आलेला कमोडोर ६४. त्यांवर पत्रे लिहिली जात, घरखर्च मांडला जाई. पुढे आयबीएम पद्धतीचा संगणक घेतला की केबल जोडून जुना मजकूर नव्या यंत्रावर उतरवीत. मजकूर येई खरा. पण पाच पौंड लिहिलेल्या ठिकाणी पाचाचा आकडा तेवढा शाबूत, आणि पौंडाच्या जागी एक तिरपी टिकली!

संगणक अक्षर साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवितो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या अमेरिकन संकेतात ० ते १२७ एवढेच क्रमांक होते आणि पौंडाला त्यांत स्थान नव्हते. मग ज्याने त्याने सोयीची जागा धरली. बीबीसी मायक्रो व स्पेक्ट्रम यांनी ९६, कमोडोरने ९२, आयबीएमने १५६. केबलने क्रमांक इमानाने पोहोचविला. त्याचा अर्थ मात्र जुन्या यंत्रापाशीच राहिला. म्हणून फाईल कोणत्या यंत्रावरची, हे ठाऊक झाल्यावाचून एकही चिन्ह बदलणे धोक्याचे.

ओळींचा घोळ त्या मानाने किरकोळ. ही घरगुती यंत्रे ओळीच्या शेवटी १३ हा एकच क्रमांक ठेवीत. आयबीएमला १३ व १० अशी जोडी लागे. जोडी न मिळाल्यास ओळी एकीवर एक उमटत. प्रत्येक १३ पुढे १० घातला की काम होई.

खरी कसोटी वर्डस्टारच्या फाइलींची. १९७८ साली निघालेला हा लेखनाचा प्रोग्रॅम फार लोकप्रिय होता; १९८१ च्या ऑस्बोर्न संगणकाबरोबर तर तो त्याच किमतीत मिळे. हा प्रोग्रॅम शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवून ठेवी. दुसऱ्या यंत्रावर त्यामुळे प्रत्येक शब्दाचे शेपूट विचित्र दिसे. उपाय सहज सुचणारा: १२७ च्या वरच्या प्रत्येक क्रमांकातून १२८ वजा करावे. शब्द तत्काळ स्वच्छ होतात, आणि नेमके तेथेच नुकसान होते. लिहिणाऱ्याने स्वतः ओळ संपविली तर वर्डस्टार १३ नोंदवी. जागा संपली म्हणून आपणच ओळ मोडली तर १४१. १४१ मधून १२८ गेले की उरतात १३! मग माणसाने मोडलेली ओळ कोणती आणि यंत्राने मोडलेली कोणती, हे त्या फाईलवरून ओळखता येत नाही. ओळी पुन्हा जोडू जाता दहा वस्तूंची यादी सलग परिच्छेद होऊन बसते. म्हणून १४१ व त्यामागचा १० यांच्या जागी आधी मोकळी जागा ठेवावी, वजाबाकी नंतर. कामे दोनच, पण क्रम उलटला की परतीची वाट नाही. हीच वजाबाकी आयबीएमवरच्या फाईलवर चालविली तर पौंडाचा १५६ होतो २८, म्हणजे न दिसणारी खूण. पुढची सफाई तीही पुसून टाकते.

फाईलचा शेवटही तपासावा लागतो. सीपीएम पद्धतीची यंत्रे फाईलची लांबी १२८ बाइटांच्या खणांत मोजीत. मजकूर खणाच्या मध्येच संपला तर २६ ही खूण असे, पुढे निरर्थक भरणा. पहिल्या २६ पाशी कापावे हे बहुधा बरोबर. मात्र कोणी दोन फाइली जशाच्या तशा जोडल्या असतील तर २६ मधोमध येतो, आणि कापणारा अर्धा हिशेब टाकून देतो.

पेढीवरच्या वहीत चुकलेला आकडा खरवडीत नाहीत. रेघ मारून शेजारी नवा लिहितात. येथेही उतरविलेली मूळ फाईल तशीच ठेवून सारे काम नकलेवर करावे. जुन्या यंत्रावरून छापलेला एखादा कागद घरात सापडला, तर त्यावरील रकमांची बेरीज आणि नव्या फाईलमधली बेरीज ताडून पाहावी. आणि मग पौंडाची चिन्हे, एकेक करून, बोटाने मोजावीत.