खोबरे कोरडे, तरच वडी टिकते

गेल्या दिवाळीत घरी नारळ-चॉकलेटच्या थरांच्या वड्या केल्या. खाली खुसखुशीत बिस्किट, मध्ये खोबरे, वर चॉकलेट. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तो आंबूस वास! चूक माझीच. कृषी खात्यात जन्म गेला, तरी ओल्या नारळात जवळजवळ निम्मे पाणी असते हे विसरून सौ. ला म्हटले, "ओलाच घाल."

दुसऱ्या खेपेस 300 ग्रॅम खवलेला नारळ मंद आचेवर परतून निम्म्या वजनावर आणला. रंग बदलू द्यायचा नाही, पण हाताला दमटही लागता कामा नये.

तळाचा थर म्हणजे स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड, आपल्या नानकटाईचे भावंडच. 150 ग्रॅम मैदा, 85 ग्रॅम थिजलेले तूप, 50 ग्रॅम पिठीसाखर. पाणी नको, मळणेही नको. मळले की चिवट होते. पसरट भांड्यात दाबून बसवा. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात वाळू तापवून, तिवईवर भांडे ठेवून झाकण घाला. कडा तांबूस व्हायला सुमारे 25 मिनिटे लागतात. हा थर आधी भाजला नाही तर खोबऱ्याखाली कच्चाच राहतो.

मग खोबऱ्यात 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क कालवून वर पसरा, पुन्हा 15 मिनिटे भाजा. पूर्ण निवल्यावर 100 ग्रॅम चॉकलेट गरम पाण्याच्या वाफेवर वितळवून ओता. त्यात पाण्याचा थेंब पडला तर गोळा होतो, सांभाळा. चॉकलेट अर्धवट आळले असतानाच वड्या पाडा, नाहीतर वरचा थर तडकतो.

या खेपेचा डबा आठव्या दिवशीही चांगला होता. तळाशी दोनच वड्या उरल्या होत्या म्हणा.